चेहरा दुसऱ्यांदा वयात येताना

पारलिंगी व्यक्ती हॉर्मोन सुरू करण्यासाठी डॉक्टरांकडे जाते तेव्हा तिच्याजवळ प्रश्नांची मोठी यादी असते. खर्च किती येईल, पुढे मूल हवे झाले तर काय, घरी कसे सांगायचे, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का. पण या सगळ्यांना मागे सारून एक प्रश्न पुढे येतोच: चेहरा बदलेल का? ही घाई समजण्यासारखी आहे. छाती कपड्यांखाली झाकता येते, आवाज थोडा वेळ दाबून ठेवता येतो. चेहरा मात्र लोकलच्या डब्यात, रेशनच्या रांगेत, बँकेच्या खिडकीशी माणसाच्या आधी जाऊन पोचतो. समोरचा ‘दादा’ म्हणणार की ‘ताई’, हे तो तोंडाकडे पाहिल्या पाहिल्या ठरवून टाकतो. पुढचे बोलणे कसे होणार, तेही बरेचसे तिथेच ठरते.

या प्रश्नाची दोन उत्तरे सध्या बाजारात आहेत. पहिले मोबाइलवर मिळते. डावीकडे एक फोटो, उजवीकडे दुसरा, मध्ये ‘बारा महिने’ असे शब्द, आणि दोन्ही चेहरे जणू वेगवेगळ्या माणसांचे. दुसरे उत्तर नेमके उलटे असते: गोळ्या-इंजेक्शनांनी तोंड बदलत नसते, त्याला ऑपरेशनच लागते. पहिले ऐकून माणूस तिसऱ्या महिन्यात आरशासमोर हिरमुसतो. दुसरे ऐकून हातचे पैसे चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी घालवतो.

हे पुस्तक या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत उभे आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. हॉर्मोनमुळे चेहऱ्यात होणारा बदल मोजायला गेले तर लहान असतो, सावकाश होतो आणि काही थरांपुरताच असतो. तरीही समोरचा माणूस तो चेहरा कसा वाचतो, यावर त्याचा परिणाम मापाच्या मानाने कितीतरी मोठा होऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उलगडणे हेच पुढच्या प्रकरणांचे काम आहे.

विषय वाटतो तितका नवा नाही. टेस्टोस्टेरॉन वेगळे काढून त्याला ते नाव मिळाले 1935 साली, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये. त्यानंतर चारच वर्षांत, 1939 मध्ये, इंग्लंडमधल्या मायकेल डिलन यांनी ते घ्यायला सुरुवात केली. जन्माने स्त्री म्हणून नोंदलेले डिलन युद्धाच्या काळात ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये नोकरी करत होते. औषधाचा परिणाम दिसू लागला तसे गिऱ्हाईक त्यांना पुरुष समजू लागले आणि सहकारी मात्र ‘ती’ म्हणत राहिले. गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो म्हणून शेवटी मॅनेजरनेच सगळ्यांना ‘तो’ म्हणायला लावले. कायदा बदलला नव्हता, कागद बदलले नव्हते; पेट्रोल भरून घ्यायला आलेल्या अनोळखी माणसांनी चेहऱ्यावरून निवाडा दिला होता. डिलन पुढे 1951 मध्ये डॉक्टर झाले. 1946 साली आलेल्या ‘सेल्फ’ या त्यांच्या पुस्तकात शरीर मनाला जुळवून घेण्याची बाजू त्यांनी मांडली होती. 1958 मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले, तेव्हा ते भारतात आले, कालिंपोंग, सारनाथ, लडाख असे फिरत बौद्ध भिक्षूंमध्ये राहिले आणि 1962 मध्ये डलहौसी येथे वारले.

अमेरिकेतल्या क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांचे प्रकरण याहून गाजले. 1 डिसेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने माजी सैनिक आता सुंदर तरुणी झाल्याची बातमी पहिल्या पानावर छापली. कोपनहेगनमध्ये डॉ. क्रिस्टियन हॅम्बर्गर यांनी त्यांच्यावर केलेल्या हॉर्मोन उपचारांचा अहवाल 1953 साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. पण तो वाचला डॉक्टरांनी. जगाने पाहिले ते फोटो. त्या फोटोंत हॉर्मोनचा वाटा किती आणि केशरचनेचा, लिपस्टिकचा, प्रकाशाचा वाटा किती, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. आजही ते सहसा सुचत नाही, म्हणून या पुस्तकात चेहऱ्याचा एकेक थर सुटा करून पाहिला आहे.

सर्वांत खाली हाड. वयात येताना टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली भुवयांवरचा कंगोरा पुढे येतो, जबड्याचे कोन रुंद होतात, हनुवटी उंच आणि चौकोनी होते. एकदा वाढ पूर्ण झाली की नंतर घेतलेले इस्ट्रोजेन हे मागे नेत नाही. त्याचप्रमाणे स्त्रीचे वयात येणे पूर्ण झालेल्या ट्रान्स पुरुषाच्या भुवयांवर टेस्टोस्टेरॉन नवा कंगोरा उभा करत नाही. न्यायवैद्यक शास्त्रात कवटीवरून लिंग ओळखताना यांतल्या काही जागा पाहतात आणि प्रत्येकीला 1 ते 5 असे गुण देतात. या श्रेणीतच एक धडा आहे: दोन टोके स्पष्ट असली तरी मधल्या गुणांवर स्त्रिया आणि पुरुष दोघांच्याही कवट्या येऊन बसतात. आपल्या आजूबाजूला रुंद जबड्याच्या बायका आणि निमुळत्या हनुवटीचे पुरुष काही कमी नाहीत. शिवाय एका प्रदेशातल्या लोकांवरून बसवलेली मापे दुसरीकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पाश्चात्त्य चेहऱ्यांचे आदर्श पुढ्यात ठेवून कोल्हापूरच्या किंवा किनवटच्या मुलीने आपल्या नाकाला नावे ठेवू नयेत, याला एवढे शास्त्रीय कारण पुरेसे आहे.

हाड बदलायचे तर शस्त्रक्रिया लागते. तिची पायाभरणी सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डग्लस औस्टरहाउट यांनी 1980 च्या दशकात केली. स्त्री-पुरुषांच्या कवट्यांतला फरक नेमका कुठे आहे, हे त्यांनी जुन्या कवट्यांच्या संग्रहांवर मापे घेऊन पाहिले. कपाळाच्या शस्त्रक्रियेवरचा त्यांचा लेख 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. भुवयांच्या मागे हाडात हवेची पोकळी असते. तिची पुढची भिंत पातळ असेल तर नुसते घासून भागत नाही; ती कापून काढायची, तिला आकार द्यायचा आणि थोडी मागे नेऊन पुन्हा बसवायची, असे ते काम आहे. या शस्त्रक्रियांवर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एवढेच सांगायचे की हॉर्मोन आणि शस्त्रक्रिया एकमेकांच्या स्पर्धेत नाहीत, दोघांचे थर वेगळे आहेत. म्हणून मऊ भागाचे बदल स्थिरावू देऊन मग हाडाचा निर्णय घेणे बहुतेकांच्या हिताचे ठरते. पुष्कळांना तोवर शस्त्रक्रियेची निकडच वाटेनाशी होते. काहींना मात्र ती तशीच वाटते, आणि दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात.

हाडावर चरबी आणि स्नायू. इथे हॉर्मोनचे चालते, पण सबुरीने. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत चरबीची मांडणी बदलायला तीन ते सहा महिन्यांत सुरुवात होते आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन ते पाच वर्षे लागतात. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम काहीसा लवकर सुरू होतो, पण पूर्णत्वाला तेवढाच काळ घेतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात 1972 पासून पारलिंगी व्यक्तींसाठी केंद्र आहे. 2015 पर्यंत तिथे 6,793 लोक येऊन गेले. त्याच केंद्रातल्या संशोधकांनी 2019 मध्ये त्रिमितीय स्कॅनरने घेतलेल्या चेहऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारापूर्वी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने असे स्कॅन घेऊन ते एकमेकांवर ठेवले. ट्रान्स स्त्रियांचे गाल भरले होते आणि जबड्याच्या बाजू किंचित उतरल्या होत्या. ट्रान्स पुरुषांत कल याच्या उलट होता. आणि सरासरी फरक? एका मिलिमीटरपेक्षा कमी. खिशातल्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. वर्षभराच्या उपचाराचा चेहऱ्यावरचा फरक साधारण त्या घरातला.

हा आकडा पाहून निराश होणारे होतील. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मोजमाप पहिल्या वर्षाचे आहे, आणि बदल त्यानंतरही चालू राहतो. शिवाय सरासरीच्या पोटात मोठा फरक दडलेला असतो. एकाच गोळीवर, एकाच मात्रेवर असलेल्या दोघींपैकी एकीचे गाल भरतात आणि दुसरीचे नाही; यात आनुवंशिकतेचा, वयाचा आणि वजनाचा वाटा असतो. वजन वाढले की गाल भरतातच, त्याला इस्ट्रोजेन लागत नाही. म्हणून वर्षभरात आठ-दहा किलोंचा फरक पडलेल्या माणसाच्या फोटोवरून हॉर्मोनचा निकाल लावू नये.

त्यावरचा थर त्वचेचा, आणि पहिली पावती इथेच मिळते. कातडीतल्या तैलग्रंथी टेस्टोस्टेरॉनच्या आणि त्यापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनच्या हुकमात असतात. ते कमी झाले की तेल कमी होते. दुपारी रुमालाने कपाळ पुसायची सवय असलेल्या मुलीच्या लक्षात काही महिन्यांत येते की रुमाल कोरडाच राहतो. त्वचा मऊ लागते, रंध्रे बारीक दिसतात, कोरडेपणा वाढतो. पूर्वी न लागणारे मॉइश्चरायझर आता लागते. इस्ट्रोजेनची एक बाजू मात्र आपल्या उन्हात सांभाळावी लागते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना काही बायकांच्या गालांवर वांग उठतो, तसाच तो इथेही उठू शकतो. सनस्क्रीन ही अशा वेळी चैन राहत नाही.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत याचे उलटे चित्र असते. पहिल्या काही महिन्यांतच तोंड तेलकट होते आणि जबड्याच्या कडेने, हनुवटीवर मुरूम उठतात. पंचविशी-तिशीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडावर नववीतल्या मुलासारख्या पुटकुळ्या येणे मनाला लागते. साधारण पहिल्या वर्षात त्यांचा जोर असतो, नंतर बहुतेकांत तो ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पुटकुळ्यांना कंटाळून परस्पर इंजेक्शन चुकवणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

आता केस. चेहऱ्याच्या साऱ्या प्रकरणात सर्वांत चिवट, सर्वांत खर्चिक आणि सर्वांत जास्त अश्रू काढणारा भाग हाच. गालावरच्या बारीक लवेचे राठ, काळ्या केसात रूपांतर टेस्टोस्टेरॉन करते, आणि हा रस्ता एकेरी आहे. इस्ट्रोजेनने दाढी सावकाश वाढते, थोडी बारीक होते. पण जात नाही. दाट काळ्या केसांच्या माणसाने गुळगुळीत दाढी केली तरी कातडीखालच्या मुळांची निळसर-हिरवट झाक राहते, आणि दुपारनंतर ती मेकअपमधूनही वर येते. म्हणून ती झाक मारायला फाउंडेशनच्या खाली नारिंगी रंगाचा हात द्यावा लागतो. आपल्याकडच्या हिजडा समाजात दाढी चिमट्याने उपटण्याची रीत जुनी आहे. मांडीवर आरसा, हातात चिमटा आणि एकेक केस. तास-दोन तास हे चालते. केस मुळापासून निघतो म्हणून झाक राहत नाही, हा त्याचा फायदा. तोटा असा की वर्षानुवर्षे उपटल्याने केस कातडीतल्या कातडीत वळतात, गळवे येतात आणि हनुवटी काळवंडते. हे डाग नंतर लेझरवाल्याच्या वाटेतही अडचण होऊन बसतात.

लेझरचे काम केसातल्या काळ्या रंगावर चालते, म्हणून काळ्या केसांवर ते चांगले आणि पांढऱ्यावर निरुपयोगी. पण तोच रंग आपल्या सावळ्या कातडीतही असतो. चुकीच्या लेझरने कातडी भाजते आणि काळे किंवा पांढरे डाग उमटतात. गडद त्वचेसाठी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानतात. पॅकेजचा दर विचारण्याआधी मशीन कोणते आहे हे विचारावे. एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, त्यामुळे अनेक बैठका अटळ असतात. पिकलेल्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस हाच मार्ग. सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी 1875 मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर तो प्रथम प्रसिद्ध केला, आणि आजही प्रत्येक केसाच्या मुळाशी सुई घालूनच तो करावा लागतो.

ट्रान्स पुरुष याच केसांची वाट पाहत असतात. ओठांवर आधी, मग कल्ल्यांपाशी, हनुवटीखाली आणि सर्वांत शेवटी गालांवर, या क्रमाने ते बहुधा येतात. सुरुवात सहा महिने ते वर्षात होते, पण भरघोस दाढीला चार-पाच वर्षे लागतात, आणि भरघोस ती होईलच असे नाही. मात्रा वाढवून दाढी वाढत नाही. त्याने रक्त दाट होण्याचा धोका मात्र वाढतो. आपल्या वडिलांकडे, काकांकडे, मामांकडे पाहावे. अंदाज तिथे मिळतो. डोक्यावरच्या केसांचेही तसेच आहे. अँड्रोजेनशिवाय, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या हॉर्मोनशिवाय, पुरुषी टक्कल पडत नाही, हे संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्येच दाखवले होते. त्यामुळे घराण्यात टक्कल असेल तर दाढीबरोबर तेही येऊ शकते. ट्रान्स स्त्रियांत गळती थांबते, थोडे केस परतही येतात. मागे सरलेली कपाळाची रेषा मात्र क्वचितच पूर्ववत होते.

इथवर वाचून हिशेब असा दिसतो: हाड जैसे थे, चरबी मिलिमीटरच्या आत, त्वचा मऊ, केस हट्टी. मग एवढ्याशा बदलावर ‘दादा’ची ‘ताई’ कशी होते? याचे उत्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सापडते. मानसशास्त्रज्ञ विकी ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये केस झाकलेले, मेकअप नसलेले चेहरे लोकांना दाखवले; तरीही स्त्री की पुरुष, हे लोकांनी जवळजवळ अचूक सांगितले. त्याच चेहऱ्यांचे रंग, भुवया, कातडीचा पोत हे सगळे काढून नुसता त्रिमितीय आकार दाखवला, तेव्हा मात्र लोक बरेच अडखळले. म्हणजे निवाडा नुसत्या हाडावर होत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी 2009 मध्ये दाखवले की डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांतला उजेड-अंधाराचा फरक स्त्रियांच्या चेहऱ्यात सरासरीने जास्त असतो. एकच चेहरा घेऊन फक्त हा फरक वाढवला तर तो बाईचा वाटतो, कमी केला तर पुरुषाचा. काजळ आणि ओठांची लाली नेमके हेच करतात. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या रंगपेटीला हे शास्त्राच्या कितीतरी आधी उमगले होते.

आता हॉर्मोनकडे पुन्हा पाहा. दाढीची झाक कमी होणे म्हणजे ओठांभोवतीची त्वचा उजळ होणे, पर्यायाने ओठ उठून दिसणे. कातडीचा पोत नितळ होणे, गालावर थोडा उजेड अडणे, जबड्याच्या कडेची सावली पुसट होणे: यातली एकही गोष्ट एकटी निर्णायक नाही, पण डोळा त्यांची बेरीज करतो. ती बेरीज एका विशिष्ट रेषेपलीकडे गेली की पाहणाऱ्याचे मत बदलते, आणि बदलते तेव्हा अर्धेमुर्धे बदलत नाही. म्हणून पुष्कळांचा अनुभव असा असतो की दीड-दोन वर्षे काहीच होत नाही असे वाटते, आणि मग एखाद्या आठवड्यात रिक्षावाला, भाजीवाली, वॉचमन सगळेच वेगळी हाक मारू लागतात. त्या आठवड्यात चेहऱ्यात विशेष काही घडलेले नसते. आधीपासून साठत आलेले त्या आठवड्यात पुरेसे झालेले असते.

हे कळले की फोटोंकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. ‘आधी’च्या फोटोत माणूस बहुधा दुःखी असतो, ट्यूबलाइटखाली असतो आणि कॅमेरा खालून असतो, ‘नंतर’च्या फोटोत तो हसतो, खिडकीजवळ उभा असतो, भुवया कोरलेल्या असतात. मोबाइल तोंडाच्या किती जवळ आहे यानेही चेहरा बदलतो: फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असे 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. ज्यांना खरा फरक पाहायचा आहे, त्यांनी तीन महिन्यांतून एकदा, त्याच भिंतीसमोर, त्याच उजेडात, चार-पाच फुटांवरून, चेहरा निर्विकार ठेवून समोरून आणि बाजूने फोटो काढावा. रोजच्या आरशापेक्षा हा फोटो जास्त खरे बोलतो.

फोटोंचा आणखी एक प्रश्न आहे, परवानगीचा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणांच्या अभ्यासासाठी पारलिंगी व्यक्तींनी यूट्यूबवर टाकलेल्या आपल्या बदलांच्या व्हिडिओंतून चित्रे गोळा केली गेली. ते व्हिडिओ आपल्यासारख्यांना धीर यावा म्हणून टाकलेले होते. त्यांतल्या काहींना आपला चेहरा संशोधनात वापरला गेल्याचे पत्रकारांकडून 2017 मध्ये कळले. त्या संशोधनातून निघालेला निष्कर्ष वैद्यकीय दृष्टीने रंजक आहे: हॉर्मोननंतर पूर्ण चेहऱ्यावरून ओळख पटवणे यंत्राला जड जाते, डोळ्यांभोवतीचा भाग मात्र त्या मानाने ओळखीचा राहतो. गाल आणि जबडा बदलतात, डोळ्यांची खोबण बदलत नाही, हे वरच्या हिशेबाशी जुळते. पण विमानतळावर चेहरा दाखवून आत जाण्याच्या आणि आधारची पडताळणी चेहऱ्यावरून होण्याच्या काळात हा प्रश्न प्रयोगशाळेत राहिलेला नाही. ओळखपत्रावरचा फोटो जुना आणि चेहरा नवा, अशा अवस्थेत खिडकीशी उभे राहण्याचा ताण अनेकांना ठाऊक आहे. उपचार सुरू झाल्यावर फोटो वेळोवेळी बदलून घ्यावेत, हा सल्ला म्हणून महत्त्वाचा.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नाल्सा’ निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्या निकालात चेहऱ्याची अट नाही. सरकारी कचेरीत मात्र ‘दिसत तर नाहीस’ हे वाक्य अजून ऐकू येते, आणि त्या वाक्याच्या धाकाने माणसे औषधांची घाई करतात. केमिस्टकडून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे घ्यायची, मैत्रिणीला लागू पडली ती मात्रा दुप्पट करायची, असे प्रकार सर्रास होतात. या गोळ्यांतल्या एथिनिल इस्ट्राडिओलने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून पारलिंगी उपचारांत ते आता वापरू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या औषधांपैकी स्पायरोनोलॅक्टोनवर असताना रक्तातले पोटॅशियम पाहावे लागते. त्यांतलेच सायप्रोटेरोन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा धोका वाढतो. आणि गाल लवकर भरावेत म्हणून कुणाकडून तरी सिलिकॉन टोचून घेणे म्हणजे चेहरा कायमचा पणाला लावणे. ते सरकते, गाठी होतात आणि सहजासहजी काढता येत नाही. दुप्पट मात्रेने चेहरा निम्म्या वेळात बदलत नाही, हे वाक्य या पुस्तकातून कुणी एवढेच नेले तरी चालेल.

एक खुलासा करायला हवा. सगळ्यांनाच ‘ओळखू न येणारा’ चेहरा हवा असतो, असे समजून हे पुस्तक लिहिलेले नाही. काहींना दाढी ठेवायची असते, काहींना मधला चेहरा आवडतो, काहींना फक्त तेलकटपणा आणि झाक जावी एवढेच हवे असते, आणि काहीजण प्रकृतीमुळे किंवा आपखुशीने हॉर्मोन घेतच नाहीत. त्यांच्या स्त्री किंवा पुरुष असण्यात, किंवा या दोन्हींत न बसण्यात, त्यामुळे काही उणे येत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणात बदल सांगितला आहे; त्याला ‘यश’ म्हणायचे की नाही, ते वाचणाऱ्यावर सोडले आहे.

पुस्तक सलग वाचायलाच हवे असे नाही. उपचार सुरू करायच्या विचारात असलेल्यांनी वेळापत्रकाचे प्रकरण आधी वाचावे आणि केसांचे त्यानंतर लगेच, कारण दाढीवरचे लेझर हॉर्मोनच्या आधीही सुरू करता येते आणि त्याला बराच वेळ लागतो. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी हाडांचे प्रकरण वाचल्याशिवाय सर्जनची भेट ठरवू नये. त्वचारोगतज्ज्ञांनी आणि गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरांनी औषधांच्या दुष्परिणामांचे कोष्टक हाताशी ठेवावे. पारलिंगी पेशंट मुरूम घेऊन येतो तेव्हा त्याला तपासण्याआधीच दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता देणारे डॉक्टर अजून आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना अडचण असते ती माहितीचीच. आई-वडिलांसाठी वेगळे प्रकरण आहे. मुलाचा चेहरा डोळ्यांदेखत बदलतो तेव्हा आधीचे मूल हरवल्यासारखे त्यांना वाटते, आणि हे वाटणे खोटे ठरवून काही साधत नाही. त्यांना एवढे सांगता येते की नाक तुमचे आहे, कपाळ आजोबांचे आहे, हाड तसेच राहणार आहे. टेस्टोस्टेरॉनवर गेलेली मुलगी वर्षा-दोन वर्षांत अनेकदा हुबेहूब मामासारखी दिसू लागते, आणि काही घरांत पहिल्यांदा हसू फुटते ते याच साम्यावरून. ते प्रकरण घरात मोठ्याने वाचले गेले, तर पुस्तकाचे निम्मे काम झाले असे समजेन.